सातबारा नसला तरी कृषी संशोधनाची वाट

मुरुडच्या बाजारात सोयाबीन व तूर घेणाऱ्यांच्या कानावर 'एमएयूएस 71', 'बीडीएन 711' ही नावे नेहमी पडतात. 'एमएयूएस' म्हणजे मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सोयाबीन आणि 'बीडीएन' म्हणजे बदनापूर. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'एनएचएच 44' जुन्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. हे सारे वाण सरकारी पगारावरील शास्त्रज्ञांनी तयार केले. त्यांच्यावर आपला धंदा चालतो, पण त्या नोकरीचा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही. शेत नाही, सातबारा नाही, मग कृषी कॉलेज कशाला, असे म्हणून विषय संपतो.

वस्तुस्थिती वेगळी आहे. बारावी विज्ञानानंतर सीईटी देऊन बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळतो. सातबारा नसेल तर शेतकरी कुटुंबाचा जादा भारांक तेवढा मिळत नाही. दार बंद होत नाही. लातूरचे शासकीय कृषी महाविद्यालय परभणीच्या विद्यापीठाचेच आहे. हे विद्यापीठ 1972 साली स्थापन झाले आणि 2013 पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे.

शेवटच्या वर्षी विद्यार्थी खेड्यात राहून शेतकऱ्यासोबत काम करतात. याला 'रावे' म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. गावात या मुलांना कृषिदूत व मुलींना कृषिकन्या म्हणतात. माती नमुना घेणे, बीजप्रक्रिया दाखवणे, कीड ओळखणे ही कामे असतात. काही जण ही मुदत नुसत्या सह्या गोळा करण्यात घालवतात. आमच्या मते हे घरच्या पैशाचे नुकसान आहे. याच काळात मुलाला कळते की आपला ओढा बियाण्याकडे आहे, किडीकडे की मातीकडे; आणि एम.एस्सी.चा विषय त्यावरच ठरतो.

मात्र एक भ्रम नको. या अनुभवातून थेट नोकरी लागत नाही. एम.एस्सी.नंतर संशोधन प्रकल्पांत 'यंग प्रोफेशनल' किंवा 'एसआरएफ' अशा मुदतीच्या जागा मुलाखतीने भरतात. सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. कायम शास्त्रज्ञपदासाठी कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाची देशपातळीवरील परीक्षा आहे. म्हणजे बारावीनंतर सहा वर्षे शिक्षणाची, पीएच.डी. केल्यास आणखी तीन-चार. एवढा काळ मुलगा गल्ल्यावर बसणार नाही, याचा हिशेब घरच्यांनी आधीच करावा.

वेल्डिंग, पेरणीयंत्र दुरुस्ती करणाऱ्यांच्या मुलांनी परभणीच्या कृषी अभियांत्रिकीचा, तर दालमिल-तेलघाणीवाल्यांच्या मुलांनी तेथील अन्नतंत्र महाविद्यालयाचा विचार करावा. यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणाऱ्या मुलाला तेथे निम्मे आधीच येत असते. अन्नतंत्राच्या विद्यार्थ्यांना कारखान्यात प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. मिलमालक बंधूंनी अशा मुलांना दारातून परत पाठवू नये. चार आठवडे डाळीचा उतारा मोजू द्यावा; तुटीचे कारण कळले तर फायदा मिलचाच.