दिवे लागतात, गाडी सुरू होत नाही

जुनी मारुती ८०० किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक’ करून थांबली, की स्टार्टर गेला असं धरून चालतात. डॅशबोर्डचे दिवे लागतायत, म्हणजे बॅटरी ठणठणीत, हा त्यामागचा तर्क. तो फसवा आहे.

स्टार्टर म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर. दिव्यांना काही अँपिअर (विजेच्या प्रवाहाचं माप) पुरतात. स्टार्टर शंभराच्या आसपास ओढतो. नळाच्या बारीक धारेनं तांब्या भरतो, शॉवर चालत नाही.

म्हणून आधी बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरट-हिरवी भुकटी घासून काढावी. मग किल्ली फिरवताना मल्टिमीटर पाहावा. १२ व्होल्टची बॅटरी ९.६ च्या खाली उतरली, तर संशय बहुधा तिच्यावरच. व्होल्ट टिकूनही मोटर गप्प, आणि स्टार्टरवर हलकं ठोकल्यावर फिरली, तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले असणार. तेवढेच बदलून बरेचदा भागतं. गॅरेजवाला अख्खा स्टार्टर सुचवेल, तरी विचारून पाहावं.

स्टार्टर उतरवायचाच झाला, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडावी. स्टार्टरला जाणाऱ्या जाड पॉझिटिव्ह तारेला सहसा फ्यूज नसतो. तिच्यावरचा पान्हा बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात.