देव चिकटलेलं नाव

गोंदियाचं नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडलं म्हणतात. नावाला काय काय चिकटून येतं! राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगडच्या किनाऱ्यावर, एका नावाला चक्क देव चिकटलाय, तोही दोनदा.

एलियाहू. हिब्रूत 'एली' म्हणजे माझा देव, आणि 'याहू' हे यहोवाचं आखूड रूप. माझा देव यहोवा! (शम्मी कपूरनं १९६१च्या 'जंगली'त पडद्यावर ठोकलेल्या 'याहू'चा इथे काडीचा संबंध नाही.) बायबलमधला हा संदेष्टा कर्मेल डोंगरावर बआल नावाच्या देवाच्या संदेष्ट्यांशी पैज लावतो, आकाशातून अग्नी उतरतो, आणि जमलेले लोक जे ओरडतात तो त्याच्याच नावाचा अर्थ. नाव सार्थ करावं तर असं.

कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. अग्निरथातून स्वर्गात जाताना तो अलिबागजवळच्या खंडाळ्याला टेकला, अशी त्यांची श्रद्धा. लोणावळ्याशेजारचं खंडाळा नव्हे हं! तिथल्या खडकावर रथाच्या नि घोड्याच्या खुणा दाखवतात. नवस फेडायचा, लग्न ठरलं, की त्याच्या नावानं मलिदा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि सोबत फळं. म्हणजे संदेष्टा इस्राएलचा, नैवेद्य कोकणी.

नावंही अशीच मुरली. एलियाहूचा एलोजी झाला, सॅम्युअलचा सामाजी, इसहाकचा इसाजी. पुढे गावावरून आडनाव: पेणकर, रोहेकर, किहीमकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी दिलेलं 'शनवार तेली' हे नाव वेगळंच. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. त्याचं नाव 'शाआर हारहमीम', म्हणजे दयेचं दार. सिनेमातले डेव्हिड आठवतात? आडनाव चेऊलकर, हिब्रूत डेव्हिड म्हणजे लाडका. कवी निसीम इझिकेल यांच्या नावात तर चमत्कारही आहेत आणि बळ देणारा देवही.

ज्यू घरात मुलाचं नाव आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी ठेवतात. तेव्हा एक खुर्ची मोकळी राखलेली असते. तिच्यावर कुणी बसत नाही, ती एलियाहूची.