घरच्या शिवणाला पॅरिसची शिस्त

घरात मशिन आहे, शिवणाचा क्लास झालेला आहे, परकर आणि मुलींचे फ्रॉक आपण सहज शिवतो. पण भारी साडीतला ब्लाऊजपीस मात्र वर्षानुवर्षं कपाटात घडी करून पडलेला असतो. कात्री लावायला हात धजावत नाही. सुती कापड बिघडलं तर त्याची पिशवी तरी होते, पैठणीचं कापड बिघडलं तर ते जिवाला लागतं. बाहेर शिवायला टाकावा तर लग्नसराईत वेळेवर मिळण्याचा भरवसा नाही, आणि मिळाला की मुंढ्यात काचतो.

मैत्रिणींनो, जगातलं सगळ्यात महाग शिवणकाम जिथे चालतं, त्या पॅरिसच्या शिवणघरांतही महाग कापडाला कात्री लावण्याचं हे दडपण असतंच. त्यावर त्यांनी काढलेले उपाय मात्र अगदी घरगुती आहेत. सुई, दोरा, इस्त्री आणि थोडा धीर एवढ्यावर ते भागतात.

‘ओत कुतूर’ म्हणजे काय?

या शिवणकामाला फ्रेंच भाषेत ‘ओत कुतूर’ म्हणतात. सरळ अर्थ, उच्च प्रतीचं शिवणकाम. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या एका इंग्रज माणसाने १८५८ साली पॅरिसमध्ये आपलं शिवणघर उघडलं आणि या धंद्याला आजचं वळण लावलं. १९४५ पासून हे नाव फ्रान्समध्ये कायद्याने राखलेलं आहे. कोणत्याही दुकानाला ते लावता येत नाही. कपडा एकाच गिऱ्हाइकाच्या मापाने, तिला मधूनमधून घालून बघून आणि बराचसा हाताने शिवायचा, हे त्यातलं मुख्य. एकेका कपड्यामागे शंभराहून अधिक तास सहज जातात.

नाव मालकाचं होत असलं तरी टाके घालणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना तिथे ‘छोटे हात’ म्हणतात. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ च्या मे महिन्यात, पॅरिसमधल्या या शिवणकाम करणाऱ्या मुली संपावर गेल्या. शनिवारी दुपारची पगारी सुट्टी ही त्यांची एक मोठी मागणी होती, आणि जूनमध्ये तसा कायदा झाला. हाताच्या टाक्याला वेळ लागतो आणि त्या वेळेचं मोल असतं, हे त्यांना मांडून दाखवावं लागलं. घरी शिवणाऱ्या बाईच्या दुपारीही काही फुकटच्या नसतात. म्हणूनच जो वेळ घालायचा तो नेमका कुठे, हे कळलेलं बरं.

आधी मांजरपाट, मग रेशीम

तिथे खऱ्या कापडाला हात लावण्यापूर्वी साध्या सुती कापडाचा पूर्ण नमुना शिवतात. आपल्याला मांजरपाट किंवा जुनी चादर चालेल. ब्लाऊज नेहमीसारखा बेता, पेन्सिलीने मधली रेघ, छातीची रेघ आणि उभ्या धाग्याची दिशा आखा, आणि मशिनवर मोठी टीप घालून जोडा. बटणपट्टी नको, पुढून टाचण्या लावल्या की झालं.

आता तो घालून बघा. आत ब्रा मात्र नेहमीचीच असू द्या. हात वर करा, खाली बसा, पदर खांद्यावर घ्या. जिथे कापड ताणून सुरकुत्या पडतात तिथे ते कमी पडतं आहे, जिथे सैल घडी पडते तिथे जास्त आहे. पाठीकडून टाचण्या लावायला जाऊबाईंना किंवा मुलीला हाक मारा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा, कारण पुष्कळ जणींचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो. मग नमुना उसवून इस्त्री करा. हेच तुमचं पक्कं माप. त्यावर तारीख घाला, कारण बाळंतपणानंतर आणि पुढेही अंग बदलतं.

दोऱ्याची खूण आणि भरपूर माया

खडूची खूण पुसते, कार्बनची रेशमावर राहून जाते. म्हणून तिथे शिवणीची रेघ धावदोऱ्याने काढतात. ती कापडाच्या दोन्ही अंगांना दिसते आणि काम झालं की ओढून काढता येते. रेशमाला बारीक सुई घ्या, टाचण्या शिवणीबाहेरच्या कापडातच लावा. मध्ये लावल्या तर भोकं दिसतात.

एकदा शिवणीची रेघ पक्की झाली की कडेला कापड किती सोडायचं हे आपल्या हातात राहतं. बगलेखालच्या शिवणीत इंच-दीड इंच माया ठेवा. गळ्याला आणि मुंढ्याला मात्र कमी, नाहीतर गोलाईत कापड गोळा होतं. ही आत दडलेली माया पुढे उपयोगी पडते. चार वर्षांनी ब्लाऊज घट्ट झाला तर तो टाकावा लागत नाही, शिवण उसवून सैल करता येतो. तयार कपड्यात ही सोय क्वचितच असते.

अस्तर, कच्ची शिवण आणि गळा

अस्तराचं सुती कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं रेशीम फुगून येतं. मग रेशीम आणि अस्तर एकावर एक सपाट ठेवून मोठ्या तिरप्या टाक्यांनी जोडा आणि पुढे ते एकच कापड समजून शिवा.

सगळे भाग प्रथम कच्च्या दोऱ्याने जोडून पुन्हा एकदा घालून बघा. कच्चा दोरा ओढला की निघतो. मशिनची टीप उसवताना रेशमावर भोकं राहतात. मशिनला नऊ किंवा अकरा नंबरची सुई लावा.

गळ्याची गोलाई तिरप्या धाग्यावर येते, म्हणून ती ताणली जाऊन उघडी पडते. उभ्या धाग्याची अरुंद सुती पट्टी नमुन्यावरच्या गळ्याच्या मापाची कापा आणि आतून गळ्याच्या शिवणीवर टाचून घ्या. गळा जागचा हलणार नाही.

प्रत्येक शिवणीला इस्त्री

आपण इस्त्री शेवटी करतो, तिथे प्रत्येक शिवणीनंतर करतात. आधी शिवण आहे तशी दाबायची, मग उघडून दाबायची, आणि त्यानंतरच तिला दुसरी शिवण जोडायची. छातीचे टक्स सपाट टेबलावर दाबले तर त्यांचा उठाव मरतो. टॉवेल घट्ट गुंडाळून त्यावर दाबा. रेशमावर पाणी शिंपडू नका, डाग पडतो. जरीवर उलट बाजूने, मध्ये सुती कापड घालूनच इस्त्री फिरवा. आधी एखाद्या तुकड्यावर करून बघावं हे उत्तम.

उरेब फ्रॉक आणि शानेलचं जाकीट

मादलेन व्हियोने या पॅरिसच्या कारागीर बाईंनी उरेब कापडाचे कपडे प्रसिद्ध केले. त्या लहानशा लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून कपडा बेतत. मुलीचा उरेब घेराचा फ्रॉक शिवाल तेव्हा एवढंच करा: शिवून झाल्यावर तो एक दिवस टांगून ठेवा, मगच खालचा घेर सारखा कापून हेम घाला. नाहीतर घेर कुठे वर, कुठे खाली लोंबतो.

कोको शानेलच्या जाकिटाची युक्ती गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना लगेच कळेल. सैल विणीच्या लोकरी कापडाला रेशमी अस्तर उभ्या टिपांनी जागोजाग जोडलेलं असतं, त्यामुळे कापड आकार सोडत नाही. खालच्या काठाला आतून बारीक साखळी शिवलेली असते. तिच्या वजनाने जाकीट नीट खाली बसतं.

कुठे नको, कुठे हवं

रोजच्या गाऊनला, परकराला, उशीच्या अभ्ऱ्याला एवढा खटाटोप करू नका. लग्नाकार्याचा ब्लाऊज, सासूबाईंच्या जुन्या साडीतून बेतलेला ड्रेस, पुन्हा न मिळणारं कापड, यांच्यासाठी तो राखून ठेवा.

आणि एका बैठकीत संपवायचं मनात आणू नका. चार दुपारी करा. पहिल्या दिवशी मांजरपाटाचा नमुना. दुसऱ्या दिवशी कापणं, दोऱ्याच्या खुणा आणि अस्तर. तिसऱ्या दिवशी कच्ची शिवण आणि घालून बघणं. चौथ्या दिवशी मशिन, इस्त्री, हूक आणि हातशिलाई. हेम घालताना वरच्या कापडाचा एखादाच धागा सुईवर घ्या आणि दोरा आवळू नका, म्हणजे बाहेरून टाका दिसत नाही. पुढच्या ब्लाऊजला नमुना तयारच असेल, मग तीन दुपारी पुरतील.