वास्को द गामा आणि समुद्राची वाट



कामगारांच्या सभेत बोलणाऱ्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत एका पोर्तुगीज दर्यावर्दीची कथा का सांगावी, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. आपण बसलो आहोत ती आरेची जमीन साष्टी बेटाचा भाग. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहात हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि दोनशे वर्षे येथला शेतकरी लिस्बनच्या राजाची प्रजा झाला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात पाद्र्यांनी चर्च केले, तेही याच काळात. हे सर्व ज्या वाटेने आले ती वाट उघडली वास्को द गामाने. शाळेत आपण घोकले, ‘गामाने भारताचा शोध लावला.’ भारत काही हरवलेला नव्हता. कल्याण बंदराचा उल्लेख सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नाविकांच्या पुस्तकात आहे. युरोपातली माणसेही येथे येत होती. गामाच्या आधी तीसएक वर्षे अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरपर्यंत गेला. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा हिसकावला, मग परत दिला. निकितिनजवळ तोफा नव्हत्या. त्याचे स्मारक रेवदंड्याला आहे, पण शाळेच्या पुस्तकात तो क्वचितच भेटतो.

मग गामाने केले काय? जे केले ते लहान नव्हते. १४८८ मध्ये बार्तोलोमेव दियाश आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून परतला होता. त्यापुढचे काम पोर्तुगालच्या राजाने गामावर सोपविले. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि दीडशे ते पावणेदोनशे माणसे लिस्बनहून निघाली. किनाऱ्याकिनाऱ्याने गेले तर वारा तोंडावर येतो. म्हणून गामाने अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे प्रचंड वळसा घेतला आणि तीन महिने जमीन न पाहता जहाजे हाकली. कोलंबसाला अमेरिकेच्या वाटेवर जेमतेम पाच आठवडे जमीन दिसली नव्हती. या धाडसाला दाद दिलीच पाहिजे; ज्याला शत्रूचे कर्तृत्व कबूल करता येत नाही त्याने इतिहास वाचू नये.

या सफरीची प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेली एकच रोजनिशी उरली आहे. ती गामाने लिहिलेली नाही. जहाजावरच्या कोणा साध्या माणसाची ती आहे आणि तिच्यावर त्याचे नाव नाही. अभ्यासक अल्वारू वेल्यू हे नाव सुचवितात, पण खात्री कोणालाच नाही. मी रात्रशाळा आणि वाचनालय यांतून शिकलेला माणूस. मला राजाच्या पत्रांपेक्षा या अनामिकाची पाने अधिक बोलकी वाटतात. जहाजांवर काही शिक्षा झालेले कैदीही होते. अनोळखी किनाऱ्यावर पहिले पाऊल त्यांनी टाकावयाचे, म्हणजे मेले तर तेच मरतील! २० मे १४९८ च्या सुमारास जहाजे कालिकतजवळ पोहोचली तेव्हा गामा जहाजावरच राहिला आणि उतरविला गेला तो असाच एक कैदी. बंदरात त्याला स्पॅनिश जाणणारे ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले. तुम्ही येथे कशाला कडमडलात, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. कैद्याने सांगितले, ख्रिस्ती लोक आणि मसाले शोधावयास. तेव्हा युरोपातून भारतात ‘पहिले पाऊल’ म्हणतात ते गामाचे नव्हेच.

आता पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून कालिकतपर्यंतचा समुद्र पाहा. तो त्यांनी तेवीस दिवसांत ओलांडला. हे कसे जमले? एप्रिल-मे महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा सुरू होतो आणि आफ्रिकेकडून आपल्या किनाऱ्याकडे शीड भरून आणतो. भर पावसाळ्यात दर्या खवळतो. नोव्हेंबरपासून वारा उलटतो व ईशान्येकडून वाहू लागतो, तेव्हा परतावयाचे. आमचे वर्सोव्याचे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या का बाहेर काढीत नाहीत, त्यामागे हेच गणित आहे. अरब, गुजराती आणि कोकणी खलाशांना ते शतकानुशतके पाठ होते. मालिंदीच्या राजाने गामाला एक वाटाड्या दिला. पुष्कळ वर्षे पुस्तकांत छापून येई की, तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता. आता बहुतेक इतिहासकार ते मानीत नाहीत. पोर्तुगीज बखरकार त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात आणि ‘मालेमो काना’ असे नाव देतात. यातली गंमत अशी की, हे नावच नव्हे. मालेमो म्हणजे मुअल्लिम, आपल्या दर्यावर्दी भाषेतला मालम, जहाजाला दिशा दाखविणारा. आणि काना हा बहुधा ‘गणक’ शब्दाचा अपभ्रंश. त्यांनी त्याचा हुद्दाच नाव म्हणून लिहून ठेवला. कारखान्यात ‘ए फिटर’ म्हणून हाक मारतात ना, तसेच.

ज्ञान नसले की काय होते हे परतीच्या वाटेने दाखविले. कालिकतच्या सामूतिरी राजाशी गामाचे बिनसले. बिनसावे यात नवल नाही, कारण राजापुढे ठेवावयास त्याने पट्ट्यापट्ट्यांचे कापड, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध एवढेच काढले. राजाचे अधिकारी हसले. मक्केचा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून अधिक देतो, असे त्यांनी ऐकविले. गामा ऑगस्टअखेर निघाला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजे डागडुजीला लावली आणि वारा फिरण्याची वाट न पाहता ऑक्टोबरच्या आरंभी भर समुद्रात शिरला. जाताना तेवीस दिवस लागले होते. येताना जवळजवळ तीन महिने लागले. ताजे अन्न नाही म्हणून स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या, हातपाय सुजले. तीसच्या आसपास माणसे याच टप्प्यात मेली. शेवटी एकेका जहाजावर कामाला सात-आठ माणसे उभी राहू शकत होती. माणसेच नाहीत म्हणून एक जहाज जाळून टाकावे लागले. लिस्बनला परतलेल्यांची संख्या साठाच्या आत होती. गामाचा सख्खा भाऊ पावलूही वाटेत अझोरस बेटांवर गेला. गामाला किताब, वर्षासन आणि पुढे जहागीर मिळाली. मेलेल्या खलाशांच्या बायकापोरांना काय मिळाले, हे या कथा सांगणारे सांगत नाहीत.

दुसऱ्या सफरीबद्दल बोलताना आवाज खाली येतो. मध्यंतरी १५०० साली कालिकतमध्ये पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला होऊन पन्नासएक माणसे मारली गेली होती. त्याआधी पोर्तुगीजांनी बंदरातले एक व्यापारी जहाज पकडले होते. याचा सूड म्हणून १५०२ मध्ये गामा मोठे आरमार घेऊन आला. मक्केहून परतणारे ‘मीरी’ नावाचे यात्रेकरूंचे जहाज मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याच्या हाती सापडले. त्यावर शेकडो माणसे होती, स्त्रिया आणि मुले होती. श्रीमंत प्रवाशांनी खंडणी देऊ केली. गामाने माल काढून घेतला आणि जहाजाला आग लाविली. स्त्रिया आपली तान्ही मुले वर धरून दयेची याचना करीत होत्या, असे तोमे लोपेश लिहितो. हा लोपेश शत्रूपक्षाचा नव्हे, गामाच्याच ताफ्यातला माणूस. काही मुले तेवढी वाचविली, ती ख्रिस्ती करण्यासाठी. नंतर कालिकतवर तोफा डागल्या आणि पकडलेल्या कोळ्या-नावाड्यांचे हातपाय तोडून ते किनाऱ्याकडे पाठविले. ‘तो काळच तसा होता’ हे समर्थन मला पटत नाही. लोपेशही त्याच काळाचा होता आणि त्याला हे पाहवले नाही.

क्रौर्याची कहाणी कोठेही मिळेल. गामाचा खरा वारसा मला दुसरीकडे दिसतो, एका कागदात. त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. पोर्तुगीजांचा हा परवाना घेतल्याशिवाय अरबी समुद्रात व्यापारी जहाज दिसले की ते जप्त! परवान्यावर जहाजाचे नाव, तांडेल, शस्त्रे, जावयाची बंदरे, सारे लिहिलेले. पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावयाची. मिऱ्यांसारख्या मालाचा व्यापार परक्याने करावयाचाच नाही. ज्या पाण्यावर चौल-दाभोळचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या मोकळे फिरले, त्या पाण्यावर पाहुण्याने नाका बसविला आणि घरच्या माणसाकडे पावती मागितली. फुटपाथवर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विजापूरच्या आदिलशहाची आणि मोगल बादशहाचीही जहाजे हा कागद घेत. एवढे करूनही भरवसा नव्हता. १६१३ साली सुरतेजवळ अकबराच्या विधवेचे ‘रहिमी’ जहाज परवाना असताना पकडले गेले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक सुरू केले, तेव्हा युरोपियन त्यांना चाचे म्हणू लागले. कार्ताझ विकणारा दर्यावर्दी आणि दस्तक देणारा चाचा, हा न्याय कोणत्या शाळेतला?

मात्र येथे एक गल्लत होऊ देऊ नका. साष्टी १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण मरोळ, कलिना, वसई येथले ख्रिस्ती शेजारी आहेत ते पोर्तुगीज नव्हेत. याच मातीचे कोळी, भंडारी, कुणबी आहेत. गामाचा हिशेब त्यांच्याकडे मागणारा माणूस इतिहास शिकलेला नाही.

१९९८ मध्ये पाचशे वर्षे झाली तेव्हा लिस्बनला जागतिक प्रदर्शन भरले, गामाच्या नावाचा लांबलचक पूल उघडला. गोव्यात आणि केरळात निदर्शने झाली. मुरगाव बंदरालगतच्या शहराचे नाव मात्र अजून वास्को द गामा आहे आणि रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही तेच आहे. ते बदलावे काय? मला विचाराल तर पाटी राहू द्यावी आणि पोरांना सारी गोष्ट सांगावी: मालम, कैदी, मीरी, कार्ताझ, सगळे. पाटी पुसल्याने प्रश्न विचारण्याची जागाच जाते.

खुद्द गामा तिसऱ्या खेपेला व्हाइसरॉय होऊन १५२४ च्या सप्टेंबरात आपल्या चौलला उतरला. वाटेत समुद्रात भूकंपाचा धक्का बसून जहाजे हादरली, तेव्हा दर्याच आपल्याला भिऊन थरथरतो आहे असे त्याने खलाशांना सांगितले, अशी नोंद आहे. तीनच महिन्यांनी, २४ डिसेंबरला, तो कोचीत वारला. तेथल्या चर्चमध्ये त्याची रिकामी कबर दाखवितात. अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या. त्याचा पणतू फ्रान्सिस्कू व्हाइसरॉय असताना जुन्या गोव्याच्या धक्क्यावर पणजोबाच्या नावाने कमान उभी राहिली व तीवर पुतळा बसला. फ्रान्सिस्कूचा कारभार इतका अप्रिय झाला की, तो गेल्यावर तो पुतळा फोडला गेला. फोडणारे भारतीय नव्हते; पोर्तुगीजच होते. पुढे दुसरा बसविला. १९५४ मध्ये कमान पुन्हा बांधून काढली. दिवाडी बेटावरून तरीने येणारी माणसे आजही तिच्याजवळ उतरतात आणि बाजाराच्या पिशव्या सावरीत खालून निघून जातात.