पॉइंट टू-टू, वारा आणि व्हिसल पिग

एनसीसीच्या कॅम्पात फायरिंग केलेल्या माणसाला दोन गोष्टी हमखास आठवतात. खांद्याला जोरात बसणार म्हणून घेतलेली धास्ती आणि प्रत्यक्षात न बसलेला धक्का, ही एक. दुसरी म्हणजे रिकाम्या पुंगळ्या मोजून परत देण्याची सक्ती. एक जरी कमी भरली की सगळी तुकडी गवतात वाकलेली. अशाच एका शोधाशोधीत मी पुंगळीचं बूड पहिल्यांदा नीट पाहिलं. सुईचा ठोका मध्यभागी पडला असेल असं वाटलं होतं. तो होता अगदी कडेला, मेणावर नख दाबल्यासारखा.

चाळीसेक वर्षांनी ती कड पुन्हा समोर आली ती भाच्यामुळे. तो अमेरिकेत आयडाहो राज्यात, बॉइझीला असतो. ग्रीन कार्ड झालं, घर झालं, आणि एक दिवस फोन आला, "मामा, तू एनसीसीत होतास ना? एक साधी रायफल घ्यायची आहे, खारींसाठी. सगळं मिळून सहाशे डॉलरच्या आत. कुठली घेऊ?" कॅम्पात मोजून वीस गोळ्या झाडलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे एसटीने फिरलेल्या माणसाला गिअरबॉक्स दुरुस्त करायला सांगण्यासारखं होतं. पण मामा म्हटल्यावर माहीत नाही असं म्हणता येत नाही. मी वाचायला बसलो, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या शेजारी सतरंजीवर पालथा पडायलाही गेलो.

आधी खारींविषयी, कारण आपली रामाची खार डोळ्यांसमोर ठेवून हा विषय कळत नाही. बॉइझीच्या दक्षिणेला स्नेक नदीच्या बाजूने पसरलेल्या रुक्ष माळावर आणि त्याला लागून असलेल्या लसूणघासाच्या शेतांत पायूट ग्राउंड स्क्विरल नावाची खार राहते. झाडाशी तिचा संबंध नाही, ती बिळात राहते. अंगाने जाड, शेपूट आखूड. धोका दिसला की दोन पायांवर उभी राहून शीळ घालते, म्हणून तिथले लोक तिला 'व्हिसल पिग' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत वर येते, पिल्लं काढते, खाऊन खाऊन लठ्ठ होते आणि उन्हाळा चढला की पुन्हा जमिनीखाली जाऊन झोपते. वर्षातला निम्म्याहून जास्त काळ ती झोपेतच असते. उरलेल्या महिन्यांत मात्र घास कुरतडते आणि बिळांतली माती वर काढून ढिगारे करते. त्या ढिगाऱ्यांवर कापणी यंत्राची पाती आदळतात. अशा उपद्रवी जनावरांना अमेरिकेत 'व्हार्मिंट' म्हणतात, आणि लहान रायफलींचा एक मोठा बाजार त्यांच्यावर उभा आहे.

आता ती कड. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी वेगळी टोपी बसवलेली असते, सुई तिच्यावर आपटते. आमच्या कॅम्पातल्या पॉइंट टू-टूसारख्या (.२२) छोट्या काडतुसात ही टोपीच नाही. पुंगळीची कड आतून पोकळ असते. ठोक्याने पेटणारं मिश्रण ओलं असताना आत टाकतात आणि गरगर फिरवून त्या पोकळ कडेत सारखं पसरवतात. सुई कड चेपते, मिश्रण भडकतं, दारू पेटते. पितळ पातळ, जोडकाम नाही, म्हणून स्वस्त. पण त्याच पातळपणामुळे दाबाला मर्यादा येते. .२२ लाँग रायफल या काडतुसाचा कमाल दाब चौरस इंचाला २४,००० पौंड धरतात. सैनिकी रायफलीच्या जातीच्या .२२३ ला ५५,००० पर्यंत चालतो. चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे पुंगळी एकदाच वापरायची. मिश्रण सगळीकडे सारखं पसरलं नसेल तर अक्षरशः फुसका बार. अशा वेळी नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं आणि मगच बोल्ट उघडायचा. दारू कधी कधी उशिराने पेट घेते.

ही युक्ती फ्रान्सच्या लुई-निकोला फ्लोबेरची, १८४५ ची. घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून केलेली. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये तीच आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी वापरली, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल आणली. सव्वाशे वर्षं उलटून गेली तरी जगात सगळ्यात जास्त झाडलं जाणारं काडतूस हेच. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, दोघांच्याही रायफलीत हेच काडतूस. त्या स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तेव्हा हे काडतूस 'पोरांचं' आहे असं कुणी म्हणालं तर कोल्हापूरला जाऊन म्हणावं.

तर भाच्याचा प्रश्न. त्याने रायफलींची यादी केली होती, सॅव्हेज, रुगर, सीझेड, मार्लिन, प्रत्येकीपुढे तारे. मी त्याला उलटा प्रश्न विचारला: खार किती लांब बसलेली असते? त्याने मोजलं नव्हतं. सगळं इथेच ठरतं. अंतर ठरलं की काडतूस ठरतं, काडतूस ठरलं की खर्च ठरतो, आणि रायफल ही शेवटी उरलेल्या पैशांत येते. लोक नेमकं उलटं करतात.

.२२ ची शिशाची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. वेगवान जातीतली सेकंदाला साधारण १,२५० फूट वेगाने सुटते. ५० यार्डांवर नेम जुळवला तर १०० यार्डांवर ती सहा-सात इंच खाली लागते. पुढे तर ती दगड फेकल्यासारखी पडत जाते. पडणं एक वेळ मोजता येतं. वारा मोजता येत नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा १०० यार्डांत तिला पाचेक इंच ढकलतो. खार तेवढी रुंदही नसते.

इथे एक गंमत आहे. हीच गोळी थोडी हळू, ध्वनीच्या वेगाच्या खालून, सेकंदाला १,०७० फुटांच्या आसपास सोडली तर वारा तिला कमी ढकलतो, साडेतीन इंचांच्या आसपास. ध्वनीचा वेग ओलांडून गेलेली गोळी वाटेत पुन्हा त्याच वेगाच्या उंबरठ्यावर येते. तिथे हवेचा विरोध एकदम वाढलेला असतो आणि ती वेग गमावून बसते. वारा गोळीला किती ढकलणार हे वाटेत वाया गेलेल्या वेळावर ठरतं. म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांतली काडतुसं मुद्दाम संथ ठेवलेली असतात. खोक्यावर 'हायपर' आणि विजेची चित्रं पाहून घेणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं. भाच्यालाही पटलं नाही, कागदावर भोकं पडेपर्यंत.

दुसरा पर्याय .१७ एचएमआर. हॉर्नाडी कंपनीने २००२ मध्ये विंचेस्टरच्या १९५९ च्या .२२ मॅग्नमची पुंगळी घेतली, तिची मान आवळली आणि त्यात १७ ग्रेनची गोळी बसवली. सतरा ग्रेन म्हणजे १.१ ग्रॅम, सोनाराच्या हिशेबात नऊ गुंजा. पण या नऊ गुंजा सेकंदाला २,५५० फुटांनी जातात. १०० यार्डांवर जुळवलेली रायफल दीडशे यार्डांवर अडीच-तीन इंचच खाली लागते. दोनशेवर मात्र आठ-नऊ. गोळीचं टोक प्लॅस्टिकचं, आदळताच ती फुटते. त्यामुळे जनावर जागीच मरतं, आणि जमिनीवरून उसळून भलतीकडे जाण्याचा धोका शिशाच्या जड, संथ गोळीपेक्षा बराच कमी. त्याहून वेगवान .१७ विंचेस्टर सुपर मॅग्नमही आहे. तिची पुंगळी चक्क बांधकामावर काँक्रीटमध्ये खिळे ठोकणाऱ्या यंत्राच्या काडतुसावरून घेतलेली. कल्पना म्हणून मला ती फार आवडते, पण स्वस्तातलं काही हवं असलेल्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. रायफली मोजक्या आणि काडतूस महाग.

आणि काडतुसाचाच खर्च खरा. बरं .२२ सध्या नगाला सात-आठ सेंट पडतं, .१७ त्याच्या तीन-चार पट. वसंतातल्या चांगल्या दिवशी तीनशे गोळ्या सहज जातात. म्हणजे एकीकडे चोवीस डॉलर, दुसरीकडे नव्वद. पाच शनिवारांत दुसऱ्या रायफलीचे पैसे निघतात. .२२ नेहमीच स्वस्त आणि मुबलक असते असंही नाही. डिसेंबर २०१२ मधल्या न्यूटाउनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर बंदुकांचे कायदे कडक होणार या धास्तीने लोकांनी काडतुसांचा इतका साठा केला की पुढची दोन-तीन वर्षं दुकानं माणशी एक-दोन खोकी देत होती. रेशनवर साखर मिळायची तशी.

भाच्याने टेप नाही, पण अंतर मोजायची लेझर दुर्बीण उसनी आणली. बांधावरून बहुतेक खारी ४० ते ९० यार्डांत निघाल्या. मग .२२ वर शिक्कामोर्तब झालं. दीडशे यार्डांचा उघडा माळ असता तर मी .१७ च म्हटलं असतं, आणि कमी गोळ्या झाड म्हटलं असतं.

रायफलीचं मग फार काही उरलं नाही. रुगरची १०/२२ ही १९६४ पासूनची लोकांची लाडकी. चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढते, दहा गोळ्यांचं गोल मॅगझीन बुडाशी सपाट बसतं, सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात. पण आपोआप चढते म्हणून माणूस आपोआप झाडतो. पैसे वाचवायचे असतील आणि नेम सुधारायचा असेल तर हाताने ओढायचा बोल्ट बरा. सॅव्हेजची मार्क टू जाड नळीची घेतली तर तीनशे डॉलरच्या आसपास मिळते, आणि तिचा चाप घरच्या घरी हलका-जड करता येतो. कारखान्यातून आलेला जड चाप म्हणजे ओढतानाच नेम हलला. झेक प्रजासत्ताकातली सीझेड ४५७ हाताला जास्त गोड, अक्रोडाचा दस्ता, गुळगुळीत बोल्ट, पण किंमत पाचशेच्या वर. तेवढे पैसे दिले तर स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, काही उरत नाही.

आणि स्कोपवर कंजुषी म्हणजे चांगला चष्मा न घेता महागडं पुस्तक घेण्यासारखं. मोठ्या शिकारीचे स्कोप १०० यार्डांसाठी जुळवलेले असतात; ५० यार्डांवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुलीही सरकते. छोट्या रायफलीसाठी ५० यार्डांचा किंवा पुढून अंतर जुळवता येणारा स्कोप हवा. भाच्याने रायफलीएवढेच पैसे त्यात घातले. त्याच्या बायकोने दोन्ही पावत्या शेजारी ठेवून माझ्याकडे पाहिलं, ते मी विषयांतर समजून सोडून दिलं.

तिथे दुकानातून रायफल घेताना सरकारी फॉर्म भरावा लागतो, फोनवरून पार्श्वभूमी तपासतात आणि बहुधा त्याच दिवशी माल हातात. पण हे नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचं. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या आपल्या मुलांना मुळात बंदूक बाळगायलाच बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण तिथे दुकानदाराच्या सल्ल्यावर न जाता वकिलाला विचारावं. शिकारीचा परवाना भाच्यानेही काढला. उपद्रवी प्राणी म्हणून सगळं माफ नसतं. त्याच राज्याच्या पश्चिम-मध्य भागातली नॉर्दर्न आयडाहो ग्राउंड स्क्विरल २००० पासून संघराज्याच्या कायद्याने संरक्षित आहे. शीळ सारखी, चेहरा सारखा, कायदा वेगळा. आपल्याकडे हा सगळा बाजार नाहीच. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा वन्यजीव कायदा यांच्यामध्ये शेतकऱ्याला फारशी जागा उरत नाही. आणि रानडुकरांनी पिकं झोपवली म्हणून कुणाच्या मनात पॉइंट टू-टू आली तर ती डुकराला फक्त चिडवेल.

स्नेक नदीच्या त्याच पट्ट्यात शिकारी पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे, जवळपास पाच लाख एकरांचं. कड्यांच्या कपारींत दर वर्षी शेकडो जोड्या घरटी करतात. प्रेअरी ससाण्याची पिल्लं वाढतात ती याच खारींवर. म्हणजे शेतकऱ्याचा शत्रू ससाण्याचं ताट आहे. माळावर मारून टाकलेल्या खारीत शिशाचे कण राहतात आणि ते गरुड, ससाणे, बॅजर यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी बंदच केली. आयडाहोत तशी सक्ती नाही. शिसं नसलेली काडतुसं मिळतात, महाग पडतात. त्याहून वाईट म्हणजे खारी संपल्या की काहींचे हात शिवशिवतात. लांब, खाली वळलेल्या चोचीचा कर्ल्यू हा संरक्षित पक्षी, त्याच माळावर बेकायदा गोळ्यांनी मरत असल्याचं तिथल्या अभ्यासकांनी नोंदवलं आहे. भाच्याने मेलेल्या खारी उचलून खड्ड्यात पुरायचं ठरवलं. शेताच्या मालकाला ते हास्यास्पद वाटलं, पण त्याने फावडं दिलं.

पहिल्या दिवशी खारींवर एकही गोळी नाही, असं मी बजावलं होतं. ५० यार्डांवर कागद लावला. पाच जातींची पाच खोकी, प्रत्येकीच्या पाच-पाच गोळ्या. छोट्या रायफलीच्या नळीची आवड हट्टी असते. एकाच कारखान्याच्या दोन जुळ्या नळ्यांनाही वेगवेगळी काडतुसं मानवतात, आणि कारण कुणालाच नीट सांगता येत नाही. विजेचं चित्र असलेल्या महागड्या खोक्याने कागदावर शिंतोडे उडवले. साध्या पांढऱ्या खोक्यातल्या संथ काडतुसाची पाच भोकं माझ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली. भाचा बराच वेळ कागद हातात धरून होता.

दुसऱ्या दिवशी त्याच जातीचं नवं, पन्नासांचं खोकं. सकाळी वारा नव्हता. अकराच्या सुमारास गवताची टोकं एका बाजूला झुकायला लागली आणि त्याचे नेम चुकू लागले. शेवटी एक जाडजूड खार बांधाच्या अगदी माथ्यावर येऊन उभी राहिली. साठ यार्ड, सोपा नेम. पण तिच्या मागे माती नव्हती, नुसतं आकाश होतं, आणि आकाशाखाली मैलभर पलीकडे कुणाचं तरी घर. ही गोळी मैलाहून लांब जाते असं खोक्यावरच छापलेलं असतं. भाच्याने बोल्ट उघडला, काडतूस काढून खिशात टाकलं. खारीने शीळ घातली.

खोक्यात दहा शिल्लक होती, खिशात एक. मी सतरंजीच्या कडेने वाकून पुंगळ्या वेचायला लागलो. एकोणचाळीस हव्या होत्या, अडतीस भरल्या.

"मामा, राहू दे ना. इथे कोण मोजतंय?"

मी गवत बाजूला सारत राहिलो.