पिकअपचा इंजेक्टर बदलण्यापूर्वी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगराळ भागातील सीताफळाचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास भरात येतो. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले हे फळ झाडावरून उतरविल्यानंतर दोन-चार दिवसांतच पिकते व मऊ पडते. बाजारात वेळेवर पोहोचले तर त्याचे सोने, न पोहोचले तर माती. धारूर-अंबाजोगाईकडील सीताफळ असो, आष्टीकडील दूध व कांदा असो, हा माल आज बहुतांशी डिझेलवरील पिकअप गाडीतूनच रवाना होतो. औत, बैल आणि मोट यांच्या जोडीला एके काळी जे महत्त्व होते, ते आता या गाडीला आले आहे.

अशी भरलेली गाडी घाटाच्या चढणीवर एकाएकी थरथरू लागते, मिसिंग करते, ओढ घेत नाही. समोरील पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत नेल्यावर "नोझल गेले" असे निदान होते. एका इंजेक्टरास हजारो रुपये पडतात. तो बदलल्यावर गाडी दोन दिवस नीट चालते आणि पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. पुष्कळदा दोष इंजेक्टरात नसतो. त्याच्याकडे जाणाऱ्या दोन बारीक तारांत असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होय.

विहिरीवरचे इंजिन आणि रस्त्यावरचे इंजिन

डिझेल इंजिन महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवीन नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे विहिरीवरील इंजिनाचा आवाज खेडोपाडी ऐकू येऊ लागला. त्या इंजिनात डिझेल केव्हा व किती फवारावयाचे हे पंप ठरवी. नोझल डिझेलच्या दाबाने आपोआप उघडे. तेथे विजेच्या तारेचे काम नव्हते. इंजिनाने हवा धरली की नळीची चाकी सैल करून ती काढून टाकावयाची, हे कसब अनेक शेतकऱ्यांच्या हाती सहज आले.

नव्या पिकअपमध्ये ही रचना पालटली आहे. देशभर १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ४ व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे धुराविषयीचे नियम लागू झाले. धूर कमी करावयाचा तर डिझेलची मात्रा व वेळ अत्यंत काटेकोर हवी. यास्तव आजच्या इंजिनात पंप डिझेल दाबून एका सामाईक नळीत साठवितो. तिला कॉमन रेल म्हणतात. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर विजेची कॉइल असते. ईसीएम हा गाडीचा मेंदू तिला क्षणभर प्रवाह देतो, तेवढ्याच क्षणात इंजेक्टर उघडून मिटतो. म्हणजे येथे वायर ही डिझेलच्या नळीइतकीच महत्त्वाची ठरली आहे.

जुन्या इंजिनावरील एक सवय मात्र येथे जिवावर बेतू शकते. कॉमन रेलमधील दाब १६०० बार किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. टायरातील हवेचा दाब अवघा चार-पाच बार असतो, यावरून त्याची कल्पना यावी. चालू इंजिनावर या नळीची चाकी कधीही सैल करू नये. बारीक फवाराही कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी आतील मांस नासू लागते. अशा वेळी घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

वायर कोठे बिघडते

इंजिनावरील वायरींना उष्णता, तेल व कंप यांचा मारा सतत सोसावा लागतो. वायरींचा जुडगा लोखंडी पट्टीवर घासून तिचे वेष्टण झिजते आणि उघडी तार इंजिनाच्या अंगास लागते. कपलरची कुलपी मोडली असेल तर खडबडीत रस्त्यावर पिना सैल होतात. जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतल्यास पाणी कपलरात शिरते व पिनांवर हिरवा थर धरतो. कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या कोठाराशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर ऊब शोधत येतात आणि वायर कुरतडतात. ऊसतोडीसाठी घरची माणसे बाहेरगावी गेल्यावर जी गाडी महिनोन्महिने उभी राहते, तिची या दृष्टीने विशेष पाहणी करावी.

लक्षणे ओळखावीत

वायरीचा दोष बहुधा येतो आणि जातो. गाडी खड्ड्यात आदळली की मिसिंग सुरू होते, थोड्या वेळाने थांबते. इंजिन गार असताना ठीक चालते, तापल्यावर बिघडते. किंवा पावसात बिघडून उन्हात सुधारते. इंजेक्टरातील झीज अशी क्षणात येऊन क्षणात जात नाही. काही गाड्यांत एक तार अंगास लागली की दोन सिलिंडर एकदम बंद पडतात. दोन इंजेक्टर एकाच क्षणी नादुरुस्त होणे विरळा. म्हणून तेथे प्रथम वायरीचाच संशय घ्यावा.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०२०१ ते पी ०२०४ यांपैकी संकेत दिसल्यास अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या इंजेक्टर मंडलात दोष आहे, असा त्याचा अर्थ होतो. मंडल म्हणजे इंजेक्टर, कपलर, वायर व ईसीएम हे सर्व मिळून. केवळ संकेतावरून इंजेक्टर वाईट ठरविणे म्हणजे पंप बंद पडताच तार व स्टार्टर न पाहता मोटार बाहेर काढण्यासारखे आहे.

तपासणीचा क्रम

प्रथम डिझेल फिल्टरमधील पाणी काढावे व बॅटरीच्या पट्ट्या आणि अंगाकडे जाणारी अर्थिंगची वायर घट्ट आहे ना, ते पाहावे. हे काम शेतकऱ्यास घरीही करता येते.

त्यानंतर इंजिन बंद करून, चावी काढून व काही मिनिटे थांबून वायरींचा जुडगा डोळ्यांनी पाहावा. वळणे, पट्ट्या आणि पूर्वी चिकटपट्टी गुंडाळलेले जोड यांकडे विशेष लक्ष द्यावे.

पुढील मोजमाप जाणत्या वायरमनकडून करवून घ्यावे. बॅटरीची वायर सोडवून, कपलर काढून मल्टीमीटरने प्रत्येक इंजेक्टरचा रोध मोजावा. बहुतेक पिकअपमध्ये तो एक ओहमहूनही कमी असतो. मीटरच्या स्वतःच्या तारांचाही काही रोध असल्यामुळे एका आकड्यावर विसंबू नये. चारही इंजेक्टरांचे आकडे ताडून पाहावेत. चारही सारखे आले तर कॉइल बहुधा शाबूत आहे. नंतर वायरीची दोन्ही टोके सोडवून ती अखंड आहे का व अंगास लागते का, हे तपासावे. तपासताना जुडगा हलवावा. आकडा उडी मारू लागला की दोष तेथेच आहे.

येथे एक फसगत होते. वायरीतील एकच धागा शिल्लक असला तरी मीटर ती अखंड दाखवितो. म्हणून दोन्ही टोके मोकळी असताना त्या वायरीतून गाडीचा बारा व्होल्टचा बल्ब पेटवून पाहावा. बल्ब मंद पेटला तर वायर आतून कुजली आहे, असे समजावे.

जोड कसा द्यावा

काळवंडलेला भाग कापून चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे यावे. त्याच जाडीची, उष्णता सोसणारी वायर घ्यावी. पिळा देऊन चिकटपट्टी लावलेला जोड इंजिनावर टिकत नाही. दाबून बसविण्याच्या नळीने जोड द्यावा व त्यावर उष्णतेने आवळणारी, आतून डिंक असलेली नळी चढवावी. दोन तारांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नयेत. मूळच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन नेलेल्या असल्यास तो पीळ कायम ठेवावा. शेवटी जुडगा पन्हाळी नळीत घालून गरम व हलत्या भागांपासून दूर बांधावा. पिना गंजल्या असतील तर कपलरच बदलावा.

काय टाळावे

इंजिन चालू असताना इंजेक्टरचा कपलर ओढू नये. इंजेक्टरला उघडताना ५० ते ८० व्होल्टपर्यंत दाब मिळू शकतो. हातास झटका बसतो व ईसीएमही जळू शकतो. या तारांस टेस्ट लॅम्प लावू नये किंवा थेट बॅटरी जोडू नये. तपासणीसाठी वेष्टणात सुई टोचू नये, कारण त्या छिद्रातून पुढे ओल शिरते. हौदाची जाळी वेल्डिंग करावयाची असल्यास आधी बॅटरीच्या वायरी सोडवाव्यात. एका सिलिंडरचा इंजेक्टर दुसऱ्यात बसवून पाहण्याची घाईही करू नये. अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतंत्र अंक ईसीएममध्ये नोंदवावा लागतो.

वायर निर्दोष ठरली, तरच इंजेक्टर बाहेर काढून यंत्रावर तपासावा. तोही नादुरुस्त निघाल्यास खर्च करणे भागच आहे. परंतु तो डोळसपणे होईल. गॅरेजमध्ये शेतकऱ्याने एवढेच विचारावे: "वायर मोजली का? चारही आकडे दाखवा." या एका प्रश्नाने पुष्कळ वेळा इंजेक्टरचा खर्च टळेल.

पोळ्याला बैलाचे खांदे शेकताना शेतकरी त्याचे अंग न् अंग निरखतो. सीताफळाच्या पहिल्या तोडणीपूर्वी पिकअपचे झाकण उघडून अर्धा तास तसेच निरखणे, हेही आता शेतीच्या कामांतच धरले पाहिजे.