आधी रेडिओ बोलला, मग गाव बोललं

बारावीनंतर माध्यमशास्त्राला प्रवेश घ्यायचा असं मुलाने किंवा मुलीने सांगितलं की घरातले विचारतात, "म्हणजे टीव्हीवर दिसणार का?" मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमला, म्हणजे आताच्या बीएएमएमसीला जाणाऱ्या मुलांना हा प्रश्न सवयीचा झाला आहे. कॅमेरा, बातमीलेखन, संपादन, जाहिरात हे सगळं तिथे शिकवतात आणि ते शिकायलाही हवं. पण विद्यापीठात हा विषय आला तो वेगळ्या कुतूहलापोटी. एक माणूस बोलतो, हजारो माणसं ऐकतात. पुढे त्या ऐकणाऱ्यांचं काय होतं? कुणाला पटतं, कुणाच्या कानावरून जातं, कोण घरी जाऊन बायकोला सांगतं, कोण दुसऱ्या दिवशी खरंच वेगळं वागतं? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये या शास्त्राची चौकट एका वाक्यात बसवली होती: कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कुणाला सांगतं आणि त्याचा परिणाम काय होतो. यातला शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड आहे. तो कसा शोधतात हे समजून घ्यायला परदेशात जायची गरज नाही. जगभरच्या संज्ञापनाच्या, म्हणजे कम्युनिकेशनच्या, अभ्यासक्रमांत ज्याचा दाखला दिला जातो असा एक प्रयोग पुणे आकाशवाणीच्या टापूत झाला आहे.

साल १९५६. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने मुलूख तापलेला होता. त्याच दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांत (आजचा सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा होता, म्हणून हे 'उत्तर') सुमारे दीडशे गावांत रेडिओ मंच स्थापन झाले. पैसा आणि पाठबळ युनेस्कोचं, कार्यक्रम आकाशवाणीचे आणि परिणाम मोजायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे. कल्पना कॅनडातून आली होती. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून रेडिओ ऐकत आणि ऐकलेल्यावर चर्चा करत.

रचना साधी होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. शेती, आरोग्य, शिक्षण, गावचा कारभार असे विषय. गावातली पंधरा-वीस माणसं संचाभोवती बसत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि चर्चा सुरू. मंचाचा एक अध्यक्ष असे आणि एक निमंत्रक. चर्चेत काय झालं, कुठला प्रश्न अडला हे निमंत्रक लिहून आकाशवाणीला पाठवी आणि त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. या शेवटच्या तरतुदीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते प्रयोगाचा जीव तिच्यात होता.

मोजणी करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाचं नाव पॉल नॉयराट. हा मूळचा व्हिएन्नाचा. वडील ऑटो नॉयराट हे तत्त्ववेत्ते. आकडेवारी न वाचता येणाऱ्यालाही कळावी म्हणून छोट्या चित्रांची 'आयसोटाइप' पद्धत त्यांनी विकसित केली. नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर मुलाला दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं गेलं. तिथून सुटून तो अमेरिकेला पोचला आणि कोलंबिया विद्यापीठात त्याने छावणीतल्या समाजजीवनावरच डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. एका आवाजाने अख्खा देश कसा झपाटला जातो हे त्याने स्वतः भोगलं होतं. तोच माणूस पुढे नगर-नाशिकच्या खेड्यांत रेडिओ ऐकून लोक विचार कसा करतात हे तपासायला येतो. त्याच्या अहवालातली काटेकोर वाक्यं वाचताना मला हे विसरता येत नाही.

काटेकोर म्हणजे कशी? मंच असलेल्या गावांत लोकांना प्रसारणाआधी प्रश्न विचारले आणि प्रसारण संपल्यावर पुन्हा विचारले. तेवढ्यावर थांबला असता तर कुणीही म्हणू शकलं असतं की दोन महिन्यांत माणसं तशीही काही ना काही शिकतातच. म्हणून तुलनेला आणखी दोन प्रकारची गावं घेतली: रेडिओ आहे पण मंच नाही अशी आणि रेडिओच नाही अशी. निष्कर्ष नि:संदिग्ध होता. मंचाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. बाकीच्या गावांत वाढ नगण्य, आणि जी थोडी दिसली ती मुख्यतः रेडिओच्या गावांत. गावात नुसता संच आणून ठेवल्याने फारसं काही घडलं नाही. ऐकलेल्यावर बोलायची जागा मिळाली तेव्हा ते डोक्यात मुरलं. काही गावांत गोष्टी माहितीच्याही पुढे गेल्या. वर्गणी काढून विहिरी खोदल्या गेल्या, चांगल्या जातीचे वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आल्या, बालवाड्या निघाल्या.

या निकालाला एक पूर्वपीठिका होती. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत, ओहायोतल्या इरी काउंटीमध्ये, पॉल लाझार्सफेल्ड (हेही व्हिएन्नाचेच) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा गाठून मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वर्तमानपत्रं मतं फिरवतात का, हे त्यांना पाहायचं होतं. प्रचाराने मत फिरलेली माणसं फारच थोडी निघाली. उलट शेजारी, नातेवाईक, सहकारी यांचं बोलणं जास्त वजनदार ठरलं. माध्यमातला आशय आधी काही जाणत्या माणसांपर्यंत पोचतो आणि त्यांच्यामार्फत इतरांपर्यंत झिरपतो, ही दोन पायऱ्यांची कल्पना तिथून आली. माध्यम म्हणजे थेट रक्तात जाणारं इंजेक्शन, हा समज तेव्हा ढिला पडला. पुढच्या संशोधकांनी लाझार्सफेल्डनाही दुरुस्त केलं. काय विचार करावा हे माध्यमं फारशी सांगू शकत नसली, तरी कशाबद्दल विचार करावा हे बरंच ठरवतात, असं १९७२ मध्ये मॅकोम्ब्स आणि शॉ यांनी आकड्यांनिशी मांडलं. या विषयाचा विद्यार्थी प्रामुख्याने अशा दुरुस्त्या शिकतो.

पुण्याच्या प्रयोगाचं पुढे काय झालं, हेही शिकण्यासारखं आहे. १९५९ पासून योजना देशभर नेली गेली आणि मंचांची संख्या हजारोंवर गेली. पण संच बिघडले तर दुरुस्तीला माणूस नाही आणि मंचांना धरून ठेवणारा कार्यकर्ता नाही, अशी अवस्था झाली. दीडशे गावांत जे जमलं ते देशभर टिकलं नाही. आपल्याकडच्या कितीतरी योजनांत यंत्र पुढे जातं आणि माणसांची व्यवस्था मागे राहते. संज्ञापनाच्या अभ्यासकाने या दुव्यावर बोट ठेवायला शिकलं पाहिजे.

मात्र गटात बोलणं आपोआप शहाणपणाकडे नेतं, असं कुणी समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. तिथेही संदेश होता आणि माणसांचा गटही होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर मर्यादा घालायचं जाहीर केलं. ते आवश्यकच होतं. तरी प्रश्न उरतो: एकत्र येऊन ऐकणं एका ठिकाणी विहीर खोदतं आणि दुसऱ्या ठिकाणी पाच माणसांचा जीव घेतं, यात फरक कुठे पडतो?

मला वाटतं, १९५६ मधल्या मंचाला संदेश पाठवणारा ठाऊक होता. त्याला पत्र लिहून उलट विचारता येत होतं आणि उत्तर त्याच आवाजात परत येत होतं. शंकेला वाट होती. पुढे ढकललेल्या संदेशाला पत्ता नसतो. 'हे कोणी पाहिलं, कुठल्या गावात, केव्हा?' असं विचारावं तरी कुणाला? राईनपाड्याच्या हत्येचं हे संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे. भटक्या समाजांबद्दलचा पिढ्यान् पिढ्यांचा संशय त्यात आहे आणि तो कुठल्याही ॲपपेक्षा जुना आहे. म्हणून या अभ्यासाला समाजशास्त्र, मानसशास्त्र, भाषा आणि इतिहास सोडून चालत नाही.

आपल्याकडे हा विषय वृत्तपत्रविद्येच्या दारातून विद्यापीठात आला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विभागाने मराठी पत्रकारितेला पिढ्या पुरवल्या. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आज गावोगावच्या महाविद्यालयांत माध्यमांचे अभ्यासक्रम निघाले आहेत आणि प्रवेशाच्या जाहिरातीत स्टुडिओचा फोटो आधी झळकतो. प्रश्नावली कशी बांधायची, मुलाखतीत उत्तर सुचवून न टाकता प्रश्न कसा विचारायचा, नमुना कसा निवडायचा, शंभर बातम्यांचं आशय-विश्लेषण कसं करायचं, हे शेवटच्या सत्रात घाईघाईने उरकलं जातं. परिणामी मराठी माणूस बातमी कुठून घेतो आणि कुणावर विश्वास ठेवतो, याबद्दल आपण छातीठोक बोलतो, पण हाताशी आकडे नसतात. कॅमेरा चालवणं सहा महिन्यांत जमतं आणि पाच वर्षांत कॅमेराच बदलतो. ऐकणाऱ्याकडे जाऊन त्याचं नीट ऐकून घेणं मुरायला मात्र वेळ लागतो, म्हणून त्याला विद्यापीठाची वर्षं द्यावीत.

सुरुवात करायला मोठं अनुदान लागत नाही. नॉयराटने ज्या पाच जिल्ह्यांत काम केलं तिथे आज माध्यमं शिकवणारी महाविद्यालयं आहेत. त्यांपैकी साताऱ्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. तिथले श्रोते कोण आहेत, ते एकटे ऐकतात की चारचौघांत, ऐकलेल्यावर कुणाशी बोलतात, शंका आली तर कुणाला विचारतात? एका तालुक्यातली तीन गावं, पद्धत सत्तर वर्षांपूर्वीची आणि विचारणारी पोरंपोरी त्याच मुलखातली. एका सत्रात होण्यासारखं काम आहे. त्याचा अहवाल मराठीत लिहावा आणि ज्या गावांना प्रश्न विचारले तिथल्या ग्रामसभेत तो वाचून दाखवावा.